घरचा जमाखर्च : परदेशीं गेलेल्या मुलाचें घरचें खातें

नाशिकच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांची धाकटी मुलगी शिक्षणासाठीं जर्मनीस निघाली आहे. मुलीचें येथील बँकेंतलें खातें चालूंच ठेवावयाचें आहे. "तुझें सिमकार्ड माझ्यापाशीं ठेवून जा, म्हणजे तुला लागेल तेव्हां मी ओटीपी कळवीन, असें मीं तिला सांगितलें आहे. यांत कांहीं गैर नाहीं ना?" असें त्यांनीं विचारिलें आहे. प्रश्न पत्राच्या अगदीं शेवटीं, जातां जातां विचारलेला. आधींचीं दोन पानें लिंबाचें लोणचें विमानांतून कसें न्यावें यासंबंधीं आहेत.

लोणच्याकडे मागाहून वळूं. ओटीपीविषयीं मात्र मला सांगतां येण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यांतील बरेंचसें आमच्या घरानें पैसे मोजून शिकलेलें आहे. तें छापावें कीं न छापावें, याचा मीं आठ दिवस विचार केला. ज्यांच्यावर तो प्रसंग आला त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. शेवटीं त्यांनाच विचारलें. त्या म्हणाल्या, "लिही. नांव घालूं नकोस, म्हणजे झालें. आणि त्या रात्रीं पानावर बसून तूं काय बोललीस, तेंहि लिही." म्हणून लिहीत आहें.

आमचें घर एकत्र. दोघे भाऊ, दोघांचीं कुटुंबें आणि वर सासूबाई. घरखर्चाची वही गेलीं तीस वर्षें जाऊबाईंच्या हातीं आहे. दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब जुळल्याखेरीज ज्यांना झोंप येत नाहीं, अशांपैकीं त्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कांहीं वर्षांपूर्वीं स्टुटगार्टला शिकावयास गेला आणि पुढें तेथेंच नोकरीस लागला. जातांना त्यानें आपलें येथील सिमकार्ड एका जुन्या फोनांत घालून तो फोन आईच्या हवालीं केला. बँक, पॅन, विमा, सारें त्याच नंबराला बांधलेलें. तेथें त्यानें नवा नंबर घेतला. येथील नंबर तेथें चालविण्याला खर्च फार, आणि "आई आहे कीं घरीं" हा हिशेब. बँकेचें कार्डहि तो ठेवून गेला. अडीअडचणीला असूं दे म्हणून.

पुढें तो एक परिपाठच होऊन बसला. आठपंधरा दिवसांनीं दुपारीं साडेचारपांचच्या सुमारास, तेथें त्याची जेवणाची सुट्टी झाली म्हणजे, त्याचा फोन यावयाचा. "आई, आतां एक नंबर येईल, तेवढा वाच." जाऊबाई चष्मा लावून एकेक आंकडा सावकाश वाचीत, आणि "झालं रे?" असें विचारून फोन पुनः उशाशीं ठेवीत. मुलगा एवढ्या दूर गेला तरी त्याचें एक काम अजून आपल्या हातून होतें, याचा त्यांना आनंद होता. तो आम्हां सर्वांनाच दिसे, आणि म्हणूनच त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या फाल्गुनांत, अशाच एका दुपारीं, त्या जुन्या फोनवर एका गृहस्थांचा फोन आला. बोलणें शुद्ध मराठींत, अदबीचें. बँकेंतून बोलतों म्हणाले. पुतण्याचें पूर्ण नांव त्यांना ठाऊक, तो परदेशीं असतो हेंहि ठाऊक. "आपल्या चिरंजीवांची केवायसी राहिली आहे, आज सायंकाळीं खातें गोठवलें जाईल, त्यांच्या पगाराचा हप्ता अडकूं नये म्हणून आपणांस त्रास देतों." त्यांनीं कार्डावरचे आंकडे विचारले, कार्ड कपाटांतच होतें. मग म्हणाले, "आतां एक नंबर येईल, तेवढा वाचा."

तेंच वाक्य. चार वर्षें ऐकलेलें. जाऊबाईंनीं चष्मा लावला आणि वाचला. मग आणखी एक आला, तोहि वाचला.

पांच वाजतां खात्यांतून ४८,००० रुपये गेल्याचा संदेश आला. जाऊबाईंना तेव्हांच कळलें कीं हें कांहीं बरें झालें नाहीं. रात्रीं जेवतांना सांगावें असें त्यांनीं ठरविलें होतें. पानें मांडलीं. त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत एका सेवानिवृत्त प्राध्यापकांना फोनवरून फसविल्याची बातमी होती. ती आमच्या ह्यांनीं वाचून दाखविली, आणि मी म्हणालें, "एवढीं शिकलेलीं माणसं, आणि कुणी विचारलं कीं नंबर सांगून मोकळीं होतात! कमाल आहे बाई." भावोजी हंसले. जाऊबाई ताक वाढीत होत्या. त्यांनीं ताक वाढलें आणि कांहीं बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं त्याच खात्यांतून २,१०,००० रुपये गेले.

हें दुसऱ्या दिवशींच कां गेले, तें पुढें समजलें. त्या बँकेंत नेटबँकिंगवर पैसे पाठविण्यासाठीं नवीन नांव जोडलें तर पहिले चोवीस तास मर्यादित रक्कमच पाठवितां येई. ही मर्यादा पुष्कळ बँकांनीं एवढ्याच हेतूनें ठेविलेली असते कीं, फसगत झाली असेल तर घरच्यांना ओरड करावयास एक दिवस मिळावा. तो एक दिवस आम्हांला मिळाला होता, आणि आम्हीं तो माझ्या एका वाक्यापायीं घालविला. तिसऱ्या दिवशीं पुतण्यानें सहज शिल्लक पाहिली आणि घाबरून फोन केला. तेव्हां जाऊबाई स्वयंपाकघरांत पाटावर बसून रडल्या. आम्हीं १९३० वर कळविलें, बँकेला कळविलें, पोलिसांत गेलों. मोठ्या रकमेपैकीं ७०,००० रुपये पुढच्या एका खात्यांत अडकलेले सांपडले. ते पांच महिन्यांनीं न्यायालयाचा हुकूम होऊन परत मिळाले. बाकीचे गेले.

त्या घालविलेल्या दिवसाची किंमत नियमाच्या भाषेंत काय होते, तेंहि पाहण्यासारखें आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१७ च्या जुलैंत काढलेल्या परिपत्रकांत अशा नुकसानीचा भार कोणावर, हें ठरवून दिलें आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कांहींच भार नाहीं. चूक बँकेचीहि नाहीं आणि ग्राहकाचीहि नाहीं, मध्येंच कोठें तरी झाली, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आंत ग्राहकानें कळविलें, तरीहि कांहीं नाहीं. चार ते सात दिवसांत कळविलें तर ठराविक मर्यादेपर्यंत. परंतु ग्राहकानें स्वतःच आपला गुप्त आंकडा दुसऱ्यास दिला असेल, तर कळवीपर्यंतचें सगळें नुकसान त्याचें, आणि कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. म्हणजे पहिल्या रात्रीं तोंड उघडलें असतें तर ४८,००० जात, परंतु २,१०,००० वर ग्राहकाचा हक्क राहता. जेवणाच्या पानावर केलेली थट्टा इतकी महाग पडूं शकते, हें मला तोंवर माहीत नव्हतें. ज्या घरांत वडील माणसाला चूक कबूल करण्याची लाज वाटते, तेथें भामट्याला आपोआप एक दिवस जास्त मिळतो.

आतां नाशिकच्या बाईंच्या प्रश्नाकडे येतें. सिम आईपाशीं ठेवण्यांत गैर आहे तें हें. ओटीपी कोणालाहि, अगदीं बँकेच्या माणसालाहि, सांगूं नये, असें बँका कंठशोष करून सांगत असतात. आपण मात्र आपल्या आईला नेमक्या उलट गोष्टीची तालीम देतों : फोन आला कीं आंकडा वाचावा. अशी चार वर्षें तालीम दिल्यावर पांचव्या वर्षीं परक्या माणसानें तेंच वाक्य म्हटलें तर तिनें एकदम नकार द्यावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्यांतून हल्लीं आवाजाची हुबेहुब नक्कल यंत्रानें करतां येते. उद्यां "आई, मीच बोलतोंय" असा मुलाच्याच आवाजांत फोन येणार नाहीं, असें कोणीं सांगावें?

दुसरें असें कीं, मायलेकांनीं आपसांत ठरविलेल्या या व्यवस्थेला बँकेच्या दारांत कांहींच अर्थ नाहीं. आम्हीं तक्रार घेऊन गेलों तेव्हां पहिला प्रश्न आला, "आंकडा कोणीं सांगितला?" आईनें. "आईंना हें खातें चालविण्याचा अधिकार कोणीं दिला?" कोणींच नाहीं. आमच्या घरांत कपाटाला कुलूप नसतें आणि कोणाचा पैसा कोणाचा हें विचारण्याची रीत नाहीं. ही आमची मोठीच दौलत आहे. पण बँकेला घर माहीत नाहीं, तिला एक सही आणि एक नंबर माहीत. घरांतला विश्वास तिच्यापर्यंत पोंचवावयाचा तर तो कागदावरच पोंचवावा लागतो.

त्याच भेटींत दुसरीहि एक गोष्ट उघडकीस आली. चार वर्षें परदेशीं असलेल्या माणसाचें खातें अजून येथील रहिवाशाचें साधें बचत खातेंच होतें. १९९९ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणें मनुष्य नोकरीसाठीं किंवा दीर्घ मुक्कामासाठीं देशाबाहेर गेला कीं त्याचें येथील खातें अनिवासी साधारण खातें, म्हणजे ज्याला बँकेंत ‘एनआरओ’ म्हणतात तें, करून घ्यावें लागतें. शिकावयास गेलेलीं मुलेंहि या बाबतींत अनिवासीच धरावींत, असें रिझर्व्ह बँकेनें २००३ मध्यें स्पष्ट केलें आहे. तेव्हां नाशिकच्या कन्येलाहि हें लागूं आहे. येथील भाडें, व्याज वगैरे उत्पन्न एनआरओ खात्यांत येतें. तेथील कमाई इकडे पाठवावयाची तर ‘एनआरई’ खातें निराळें. त्यांतील मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हांहि बाहेर नेतां येतें आणि त्या व्याजावर येथें प्राप्तिकर नाहीं. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३० टक्के आणि वर अधिभार असा कर आधींच कापते, व त्यांतून बाहेर नेण्याला वर्षाला दहा लक्ष डॉलरांची मर्यादा आहे. सर्वसाधारण कुटुंबाला त्या मर्यादेची चिंता करण्याचें कारण नाहीं. हें सांगण्याचा माझा हेतु करापुरता नाहीं. खातें अनिवासी करून घेतलें म्हणजे अनेक बँका त्याला परदेशांतला नंबर जोडून देतात, कांहीं ईमेलवरहि ओटीपी पाठवितात, आणि मग आईच्या उशाखालच्या फोनची गरजच राहत नाहीं. म्हणजे कायदा पाळला असता तर आमची अर्धी अडचण आपोआप दूर होती.

यूपीआयचें थोडें निराळें आहे. अनिवासी खात्यांना परदेशी नंबरावरून तें वापरूं देण्याची सोय २०२३ च्या जानेवारींत जाहीर झाली तेव्हां पहिल्या यादींत दहा देश होते : सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. जर्मनी त्यांत नव्हता. म्हणून मुलगी ज्या देशांत जाणार त्याची सोय झाली आहे कीं नाहीं, हें बँकेला निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

येथील नंबर ठेवावयाचाच असेल (आणि पॅन, विमा, म्युच्युअल फंड यांच्यापायीं तो बहुधा ठेवावाच लागतो) तर तो ज्याचा त्याच्यापाशींच असावा. हल्लीं बहुतेक फोनांत दोन सिमांची सोय असते; एक तेथील, एक येथील. येथील सिमवर निदान संदेश येण्यापुरती आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय चालूं करून घ्यावी, व ती निघण्याच्या आदल्या दिवशीं नव्हे तर पंधरा दिवस आधीं. कारण विमानतळावर उतरल्यावर ती चालूं करावयाची म्हटली तर तिचाहि ओटीपी त्याच बंद सिमवर येतो. नंबर जिवंत ठेवण्यापुरतें रिचार्ज घरच्यांनीं येथून करावें. प्रीपेड सिम सलग ९० दिवस मुळींच वापरलें नाहीं तर कंपनीला तें बंद करतां येतें, आणि बंद झालेला नंबर कांहीं काळानें दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग बँक आपले ओटीपी त्या अनोळखी माणसाला इमानेंइतबारें पाठवीत बसते.

आमच्या वाडवडिलांना हें सगळें अगदींच परकें वाटलें असतें असें मात्र नाहीं. काशीयात्रेला निघालेला सावकार माणूस कमरेला रोकड बांधून न जातां पेढीवरची हुंडी घेऊन जाई. वाटेंत ती गहाळ झाली तर पेढी ‘पेठ’ लिहून देई, पेठ हरवली तर ‘परपेठ’. मागाहून विलायतेस जाणारे प्रवासी ट्रॅव्हलर्स चेक नेऊं लागले. अमेरिकन एक्सप्रेसनें ते १८९१ मध्यें काढले. त्यावर एक सही घेतांना करावयाची आणि दुसरी वटवितांना, कारकुनाच्या डोळ्यांदेखत. कागद चोराला मिळाला तरी दुसरी सही त्याला मिळूं नये, एवढीच त्यांतली युक्ति. ओटीपी ही तीच दुसरी सही आहे. ती आधीं करून ठेवीत नसत आणि दुसऱ्याकडून करवीत नसत.

असो. मग मुलगा परदेशीं असतांना येथील कामें कोणीं करावयाचीं? घरपट्टी आहे, सोसायटीचें देणें आहे, आजीचें औषध आहे. त्याला सरळ मार्ग आहेत, आणि ते फारसे खर्चाचेहि नाहींत. आईवडिलांच्या येथील खात्याला परदेशांतल्या मुलाचें किंवा मुलीचें नांव ‘दोघांपैकीं कोणीहि अथवा मागें राहील तो’ अशा तऱ्हेनें जोडतां येतें. त्या खात्यांतला पैसा आईवडिलांचाच राहतो. मुलगा त्यांच्या वतीनें येथल्या येथें देणीं भागवूं शकतो. वृद्ध मातापिता एकटीं राहत असलीं तर मला हा मार्ग फार सोयीचा वाटतो : आई रुग्णालयांत असली तरी मुलगा तेथून, स्वतःच्या नांवानें आणि स्वतःच्या नंबरावर आलेल्या ओटीपीनें, बिल भरूं शकतो. उलट मुलाच्या अनिवासी खात्याला आईचें नांव जोडलें तर तें ‘पहिला अथवा मागें राहील तो’ अशा तऱ्हेनें जोडलें जातें. मुलाच्या हयातींत आईला तें चालवावयाचें तर मुखत्यारपत्र हवें.

मुखत्यारपत्र म्हटलें कीं घरांतील पुरुषमंडळी उगीच गंभीर होतात. पण त्याची मर्यादा कायद्यानेंच आंखलेली आहे. मुखत्याराला येथील देणीं देतां येतात, मुलाला त्याचा पैसा पाठवितां येतो; त्या खात्यांतून कोणाला बक्षीस देतां येत नाहीं कीं त्याच्या नांवानें नवें खातें उघडतां येत नाहीं. निघण्यापूर्वींच करून ठेवलें तर एका दिवसाचें काम. मुलगा गेल्यावर करावयाचें तर त्यानें तेथील भारतीय वकिलातींत जाऊन सही करावी, आणि कागद येथें आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. आम्हांला हें सगळें चार वर्षें उशिरां करावें लागलें, आणि पुतण्याला त्यासाठीं कामावरून एक दिवस रजा घ्यावी लागली.

मुलांकडे पांचसहा महिने राहून येणाऱ्या वडीलमंडळींची गोष्ट यापेक्षां सोपी. त्यांचा रहिवास बदलत नाहीं, खातें बदलावें लागत नाहीं. पण त्यांच्या हातून होणारी चूक ठरलेली : कार्ड तेथें चालत नाहीं म्हणून ती गडबडतात. २०२० च्या नियमापासून बँका नवें कार्ड परदेशासाठीं बंदच ठेवून देतात. तें आपण होऊन उघडावें लागतें आणि रोजची मर्यादा आपण ठरवितां येते. ती जरुरीपुरतीच ठेवावी, आणि घरीं परतल्यावर पुनः बंद करावें. तेथील यंत्रानें किंवा दुकानदारानें "रुपयांत घेऊं कीं येथील चलनांत?" असें विचारलें तर तेथील चलनांत सांगावें, रुपयांचा भाव ते आपल्या सोयीचा लावतात. दोन कार्डें असतील तर एक पाकिटांत आणि दुसरें मुक्कामावर. वाचनालयांतल्या किंवा हॉटेलांतल्या सार्वजनिक संगणकावर बँकेचें खातें उघडूं नये, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

अडचणींत मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधूं नये, हें मात्र थोडें विस्तारानें सांगतें, कारण आमच्या पुतण्यानें त्या तिसऱ्या दिवशीं तेंच करावयास घेतलें होतें. घाबरलेला मनुष्य शोधतो हें भामट्यांना ठाऊक असतें; ते बँकेच्या नांवानें आपलेच नंबर तेथें पेरून ठेवतात. नंबर कार्डाच्या पाठीवरचा घ्यावा, आणि तोहि आधींच +९१ सह वहींत उतरून ठेवावा. १९३० हा आंखूड नंबर परदेशांतून सहसा लागत नाहीं, तो घरच्यांनीं येथून लावावा. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतांना तो मध्येंच अडविण्याची शक्यता पहिल्या तासादोन तासांतच सर्वांत जास्त. मुलानें त्याच वेळीं अ‍ॅपमधून कार्ड बंद करावें आणि बँकेला ईमेल पाठवावें, म्हणजे कळविल्याची वेळ लेखी राहते. आमच्या प्रकरणांत बँकेनें वेळेवरूनच सगळा काथ्याकूट केला. तीस दिवसांत बँकेचें उत्तर आलें नाहीं किंवा पटलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें, त्याला शुल्क नाहीं.

आणखी दोन खुणा. बँकांनीं व्यवहारासंबंधीं ग्राहकांना फोन करावयाचा तर १६०० नें सुरू होणाऱ्या नंबरावरून करावा, असें रिझर्व्ह बँकेनें २०२५ च्या जानेवारींत सांगितलें. आणि बँकांचे पत्ते इंटरनेटवर ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे असावेत, यासाठीं त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरची मुदत दिली. साध्या मोबाईल नंबरावरून "बँकेंतून बोलतों" म्हणणाऱ्याला एवढ्यावरूनच ओळखतां येतें. खरा फोन असला तरी आंकडा सांगावयाचा नाहींच.

गेल्या दिवाळींत पुतण्या आला तेव्हां सिम घेऊन गेला. जुना फोन अजून जाऊबाईंच्या उशाशींच असतो. त्यावर त्या पहांटेचा गजर लावतात. दुपारीं साडेचारला त्याचा फोन अजून येतो, पण आतां कांहीं वाचावयाचें नसतें, म्हणून पहिले पांचसात दिवस दोघांनाहि काय बोलावें सुचेना, असें त्या मला हंसत सांगत होत्या. त्यांनीं त्याच्याशीं एक खूणहि ठरविली आहे : पैशाची गोष्ट काढली कीं आधीं त्याच्या लहानपणच्या एका फजितीविषयीं प्रश्न विचारावयाचा. उत्तर चुकलें तर फोन बंद. ती फजिती कोणती, तें मला अद्याप कळलेलें नाहीं, आणि तें योग्यच आहे. आणखी एक नियम मीं होऊन घातला आहे. फसवणुकीच्या बातम्या आतां पानावर बसून वाचावयाच्या नाहींत.

परदेशांतील मुलांचीं नांवें येथील खात्यांवर वारस म्हणून कशीं लावावींत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून एका खात्याला चारपर्यंत वारस नेमतां येऊं लागले आहेत त्याचा एकत्र कुटुंबाला काय उपयोग, हें पुढील अंकीं. लोणच्याविषयीं जाऊबाईंचें उत्तर असें : बरणी कांचेची नको, झांकणाखालीं प्लॅस्टिकचा कागद घालून दोरा बांधावा, दोन पिशव्यांत गुंडाळावी, आणि हातांतल्या सामानांत न ठेवतां मोठ्या पेटींत, जुन्या साड्यांच्या मधोमध ठेवावी.